साधी श्रद्धा नावाची गोष्ट असते का?

आजचं वाचन : १ शमुवेल १:९–१८



आजचा उतारा आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून माहीत आहे. हन्ना रडते, एली तिला ओरडतो, मग आशीर्वाद देतो आणि पुढे शमुवेल जन्माला येतो. पण आज शमुवेलाच्या जन्मापर्यंत जायचं नाही. एक बाई प्रार्थना करते आहे आणि दाराजवळ बसलेला एक माणूस तिच्याकडे बघतो आहे, एवढ्याच प्रसंगापाशी आज थांबायचं आहे.

या उताऱ्याच्या शेजारी मी आज एक चित्र ठेवणार आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये अल्फोन्स लेग्रो नावाचा चित्रकार होऊन गेला. चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेल्या खेडवळ बाया हा त्याचा आवडता विषय. त्याने त्या तैलरंगात रंगवल्या आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापल्याही. छापण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत एचिंग म्हणतात, आपल्याकडे अम्लरेखन. रंग नाहीत, फक्त काळ्या रेघा. डोक्यावरून घेतलेलं वस्त्र, कामाने जाड झालेले हात, खाली झुकलेली मान, मागे थोडा अंधार. बस्स.

असं चित्र फोनवर समोर आलं की आपल्या मनात पहिला शब्द कोणता येतो? बहुतेकांच्या मनात एकच येतो : "किती साधी श्रद्धा!" आजचा प्रश्न या शब्दांबद्दलच आहे. साधी श्रद्धा अशी काही गोष्ट खरंच असते का? की लांबून बघणाऱ्याला ती तशी दिसते?

बघणारा कोण होता?

आधी चित्रकाराबद्दल थोडं. लेग्रोचा जन्म १८३७ सालचा, दिझाँ शहरातला. वडील हिशेबनीस, पण मूळचे जवळच्या व्हेरोन गावचे. लहानपणी लेग्रो नातेवाइकांच्या शेतावर वरचेवर जायचा. म्हणजे ज्या बाया पुढे त्याने काढल्या, तशा बायांच्या घरी तो जेवलेला होता. कला शिकायला म्हणून तो थेट मोठ्या अकादमीत गेला नाही. आधी घरं रंगवणाऱ्या आणि देवादिकांची चित्रं काढणाऱ्या एका कारागिराकडे त्याने उमेदवारी केली. ल्यों शहरात कॅथेड्रलमधल्या एका चॅपलच्या भिंती रंगवायचं कामही त्याने केलं. पॅरिस त्यानंतरचं.

१८५९ साली त्याने 'आंजेल्युस' नावाचं चित्र प्रदर्शनात ठेवलं. आंजेल्युस म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा वाजली की म्हणायची प्रार्थना. कवी बोदलेअरने त्या चित्राची वाखाणणी केली. १८६२ मध्ये कादार नावाच्या प्रकाशकाने पॅरिसमध्ये एचिंग करणाऱ्यांची संस्था काढली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत लेग्रो होता. पुढच्याच वर्षी तो लंडनला गेला आणि तिथलाच झाला. १८७६ पासून तिथल्या प्रसिद्ध स्लेड कलाशाळेत त्याने कितीतरी वर्षं शिकवलं. गंमत म्हणजे त्याला इंग्रजी कधी धड आलंच नाही. विद्यार्थ्यांसमोर उभा राहून तो सरळ चित्र काढून दाखवायचा. ते बघून मुलं शिकायची.

ही माहिती सांगायचं कारण आहे. हा माणूस गावाकडच्या बायांची थट्टा करणारा नव्हता. तो त्यांच्यातून आलेला होता. तरीही चित्र काढताना एक गोष्ट अटळ होती : ती गुडघ्यांवर होती आणि त्याच्या हातात पेन्सिल होती. ती देवाकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

तांब्यावरची रेघ

आता थोडं तंत्र. मी इंजिनिअर, त्यामुळे 'कसं चालतं' हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही!

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळ यांचं पातळ लेपण द्यायचं. धुराने ते काळं करायचं, म्हणजे काढलेली रेघ चमकून दिसते. मग सुईने त्या लेपावर चित्र काढायचं. सुई तांबं कापत नाही, फक्त वरचं मेण खरवडते. त्यानंतर पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण निघालं आहे तिथे आम्ल तांबं खातं. फिकी हवी ती रेघ थोड्या वेळाने वार्निश लावून झाकायची, गडद हवी ती पुन्हा आम्लात सोडायची. जी रेघ आम्लात जास्त वेळ राहिली ती जास्त खोल. शेवटी लेप पुसून शाई भरायची, वरची शाई कापडाने पुसायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. खाचांमधली शाई कागदावर उतरते.

यातल्या दोन गोष्टींपाशी मी अडखळले.

एक : कागदावर जो भाग सर्वांत काळा दिसतो, तिथे तांबं सर्वांत जास्त खाल्लं गेलेलं असतं. आपण शालीची सुंदर काळी सावली बघतो. पत्र्यावर ती जखम असते.

दोन : छापलेलं चित्र उलटं येतं. पत्र्यावरचा उजवा हात कागदावर डावा होतो. उजव्या हाताने क्रूसाची खूण करणारी बाई काढायची असेल तर कलाकाराला पत्र्यावर ती मुद्दाम उलटी काढावी लागते. नाही काढली तर प्रत्येक प्रतीत ती डाव्या हाताने खूण करत राहणार.

दुसऱ्याच्या प्रार्थनेकडे बघताना आपलं हेच होत असावं. सगळ्यात खोल जे असतं ते आपल्याला 'छान' दिसतं, आणि पुष्कळदा आपण ते उलटं वाचतो.

चित्रं कोणाच्या भिंतीवर गेली?

ही चित्रं ज्यांच्याबद्दल होती, त्यांच्या घरी ती बहुधा लागली नाहीत. ती घेणारे लोक शहरातले होते. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लेग्रोचं नाही, त्याच्या काळातल्या मिलेचं आहे. त्याच्या चित्राचं नावही 'आंजेल्युस'च. संध्याकाळची घंटा ऐकून बटाट्याच्या शेतात माना खाली घालून उभे असलेले नवरा-बायको. मिलेने सांगून ठेवलंय की ही आठवण त्याच्या आजीची. घंटा वाजली की ती शेतातलं काम थांबवायला लावायची आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायला सांगायची. हे चित्र सुरुवातीला साधारण १,००० फ्रँकला गेलं. मिले १८७५ साली वारला. १८८९ च्या लिलावात त्याच चित्रावर ५,५३,००० फ्रँकची बोली लागली.

विचार करा. ज्या काळात शहरं वाढत होती, गावं रिकामी होत होती, शिकलेले पुरुष चर्चपासून लांब जात होते, त्याच काळात प्रार्थना करणाऱ्या शेतकऱ्यांच्या चित्रांना असा भाव आला. ज्या माणसाला स्वतःला गुडघे टेकणं जमत नव्हतं, तो गुडघे टेकलेल्या बाईचं चित्र दिवाणखान्यात लावत होता. त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. हरवलेल्या गोष्टीची ओढ खरी असते. पण त्या ओढीत एक सोय पण आहे. श्रद्धा तिच्याकडे सोपवून टाकली की आपल्याला फक्त हळवं व्हायचं काम उरतं.

आज भिंतीच्या जागी स्क्रीन आली आहे. गावच्या यात्रेत, एखाद्या जुन्या चर्चमध्ये डोळे मिटून बसलेली म्हातारी दिसली की फोन वर होतात. तिला विचारलेलं नसतं. खाली ओळ येते, 'प्युअर फेथ', आणि हात जोडलेले इमोजी. आपण दोन सेकंद थांबतो, हार्ट देतो, पुढे जातो. मनात एक वाक्य राहतं : "आपल्याला नाही बाबा अशी श्रद्धा जमत. आपण फार विचार करतो."

हे वाक्य नम्र वाटतं. पण त्यात दोन दावे लपलेले आहेत. ती विचार करत नाही, हा पहिला. आणि विचार करतो म्हणून मला विश्वासापासून सूट आहे, हा दुसरा.

बैल आणि गाढवं

हा आपल्याच पिढीचा प्रश्न आहे असं समजू नका. न शिकलेल्या माणसाची श्रद्धा कितपत खरी, यावर मंडळीत फार जुना वाद आहे.

फ्रेंच भाषेत 'कोळसेवाल्याची श्रद्धा' असा वाक्प्रचार आहे. त्यामागची गोष्ट अशी : जंगलात कोळसा पाडणाऱ्या माणसाला कोणी विचारतं, तू काय मानतोस? तो म्हणतो, चर्च मानतं ते. आणि चर्च काय मानतं? मी मानतो ते! काहींना ही गोष्ट आदर्श वाटली, काहींना विनोद.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा प्रश्न नीट मांडला. प्रत्येक विश्वासणाऱ्याला सगळे सिद्धांत उलगडून माहीत असायलाच हवेत का? त्याचं उत्तर : नाही, शिकलेल्यांवर ती जबाबदारी जास्त आहे आणि बाकीच्यांनी त्यांच्याबरोबर राहावं. आधाराला त्याने ईयोबाच्या पहिल्या अध्यायातल्या एका वचनाचा ग्रेगरीने लावलेला अर्थ घेतला. बैल नांगरत होते आणि गाढवं शेजारी चरत होती, असं ते वचन. बैल म्हणजे विद्वान, गाढवं म्हणजे साधी माणसं! हसू येतं, पण थोडं टोचतंही. कारण चर्चमध्ये गुडघे टेकलेली ती बाई या हिशेबात कुठे बसते हे उघड आहे.

मात्र याच अक्वायनसने प्रेषितांच्या मतांगिकारावरच्या आपल्या प्रवचनात वेगळंच म्हटलं आहे. ख्रिस्त येण्यापूर्वीच्या सगळ्या तत्त्वज्ञांना मिळून देवाविषयी जे कळलं नाही, ते आता विश्वासामुळे एखाद्या म्हातारीला कळतं, असा त्याचा आशय. एकाच माणसाची दोन बोलणी. एकात बाई चरणारी, दुसऱ्यात सगळ्या तत्त्वज्ञांच्या पुढे.

तीनशे वर्षांनी कॅल्विनने पहिल्या विचारावर जोरात टीका केली. विश्वास म्हणजे देवाला ओळखणं. न समजता मान डोलावली आणि त्याला विश्वास म्हटलं, तर लोकांना अंधारात ठेवायला तो चांगलाच बहाणा होतो. पण कॅल्विन तिथेच एक कबुलीही देतो, आणि ती मला जास्त मोलाची वाटते : या जगात आपल्या सगळ्यांच्याच विश्वासात अज्ञान मिसळलेलं आहे. पूर्ण उलगडलेला विश्वास कोणाकडेच नाही. म्हणजे बैलही बरंच काही न कळताच नांगरतो आहे!

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते. साधी म्हणून कमी लेखा किंवा साधी म्हणून डोक्यावर घ्या, बोलणारा नेहमी तिच्याबद्दल बोलतो. तिच्याशी कोणी बोलत नाही.

शिलोच्या दाराशी

आता उताऱ्याकडे येऊ. हन्ना एफ्राईमच्या डोंगराळ मुलखातली. वर्षातून एकदा नवऱ्याबरोबर शिलोला यायची. घरात सवत पनिन्ना, तिला मुलंबाळं. हन्नाला मूल नाही, आणि पनिन्ना तिला त्यावरून डिवचायची. नवरा एलकाना प्रेमळ, पण त्याचं सांत्वन म्हणजे, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? तो मनापासून म्हणाला असेल, पण तिचं दुःख त्यात मावत नाही.

जेवणं झाल्यावर ती उठते आणि एकटी प्रार्थनेला जाते. एली याजक मंदिराच्या दाराच्या खांबाशी आसनावर बसलेला आहे. हे आसन लक्षात ठेवा. ती खाली, तो आसनावर.

शास्त्र आपल्याला तिच्या आत काय चाललंय ते सांगतं. कडवटपणा आहे, रडणं आहे. ती नवस बोलते : मुलगा दिलास तर तो आयुष्यभर तुझाच. अगदी अटी घालून, वस्तऱ्याच्या तपशिलासकट. दुःख, राग, आशा, बोलणी, आणि ज्याच्यासाठी जीव तुटतो आहे तोच परत देऊन टाकण्याची तयारी. हे सगळं एकाच वेळी. याला 'साधं' कोण म्हणेल?

पण एलीला यातलं काय दिसतं? ओठ हलतात, आवाज येत नाही. एवढंच. या दोन गोष्टींवरून तो निष्कर्ष काढतो की बाई प्यायलेली आहे.

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. इंटरफेस साधा आहे म्हणजे सिस्टिम साधी आहे असं नसतं. सर्चच्या पानावर एक रिकामी चौकट असते. त्याहून साधं काय असणार? पण तिच्या मागे काय काय चालू असतं ते बाहेरून दिसत नाही. टेकलेले गुडघे, मिटलेले डोळे, हलणारे ओठ हा माणसाचा इंटरफेस आहे. आत किती प्रक्रिया चालू आहेत हे त्यावरून ठरवायला गेलं की आपलं एलीसारखं होतं.

एक बारकावा बघा. हन्ना एलीला म्हणते की तुझ्या दासीला अधम बाई समजू नकोस. मूळ हिब्रूत तिथे जो शब्द आहे, तोच पुढच्याच अध्यायात एलीच्या स्वतःच्या मुलांसाठी येतो. हफनी आणि फिनहास, अर्पणातलं मांस जबरदस्तीने घेणारे. देवाच्या घरात खरा बिघाड कुठे होता? आसनावरून समोरची बाई दिसली, आणि घरातली मुलं?

पण एलीला इथे सोडून देणं अन्यायाचं होईल. कारण त्याने पुढे जे केलं ते आपण बहुतेक जण करत नाही. ती उत्तर देते आणि तो ऐकतो. मी दारू प्यायलेली नाही, मी परमेश्वरासमोर आपलं मन ओतते आहे, असं ती म्हणते. तो वाद घालत नाही. स्वतःचं आधीचं मत सोडून देतो आणि म्हणतो, शांतीने जा, तू मागितलंस ते देव तुला देवो.

आता हे वचन पुन्हा वाचा. तिने काय मागितलं, हे एली विचारत नाही! तिने सांगितलेलंही नाही. तिच्या प्रार्थनेचा मजकूर आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही. न कळलेल्या मागणीवर तो आमेन म्हणतो. आणि ती जाते, जेवते, तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. मूल अजून पोटातही नाही, तरी.

यहुदी परंपरेने पुढे काय केलं ते फार सुंदर आहे. ताल्मूदच्या बेराखोत या भागात प्रार्थना कशी करावी याचे नियम हन्नाच्या याच प्रसंगावरून काढले आहेत. मन एकाग्र असावं, ओठ हलावेत, आवाज मोठा नसावा. म्हणजे जिला याजकाने दारूडी ठरवलं, तिचीच प्रार्थना पंडितांसाठी नमुना झाली. चरायला सोडलेली मानली गेली, तीच नांगर धरून पुढे निघाली.

मग येशूने साधेपणाची स्तुती नाही केली का?

इथे कोणी म्हणेल, ताई, प्रभूनेच सांगितलं ना, बाळकांसारखे व्हा? ज्ञान्यांपासून लपवलेलं बाळकांना प्रकट केलं, असंही म्हटलं. मग साध्या श्रद्धेचं कौतुक केलं तर बिघडलं काय?

चांगला प्रश्न आहे. यासाठी मार्क १२ उघडा. प्रभू येशू भांडारासमोर बसून लोकांकडे बघतो आहे. म्हणजे तोही बसलेला आहे आणि तोही बघतो आहे. एक गरीब विधवा दोन टोल्या टाकते. आता त्याचं बघणं आणि आपलं बघणं यात फरक काय?

तो तिला साधी, भोळी म्हणत नाही. तो हिशेब करतो. बाकीच्यांनी उरलेल्यातून टाकलं, हिने आपली सगळी उपजीविका टाकली. तिला त्या दोन नाण्यांची किती किंमत पडली, हे त्याला दिसतं. आणि हा प्रसंग कुठे येतो ते बघा. त्याच्या लगेच आधी प्रभूने विधवांची घरं गिळंकृत करून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना झोडपलं आहे. म्हणजे तिच्या दानाचं कौतुक आणि तिला गरीब ठेवणाऱ्यांवरचा राग एकाच श्वासात आहे. आपलं कौतुक मात्र रागाशिवाय असतं. आपण तिच्या डोळ्यांतलं पाणी सुंदर म्हणतो आणि ते का आलं ते विचारत नाही.

लेग्रोच्या बायांकडे पण असं बघता येतं. त्या काळी फ्रान्समधल्या चर्चमध्ये बसायच्या खुर्च्यांना भाडं असायचं. उपासना लॅटिनमध्ये चालायची. वेदीपाशी जे म्हटलं जातं आहे ते शब्दशः समजणारे गावात थोडेच, त्यामुळे कितीतरी बाया तेवढ्या वेळात आपली जपमाळ ओढायच्या. म्हणजे ती बाई दगडी फरशीवर बसली आहे, हा तिचा साधेपणा असेल किंवा खुर्चीच्या पैशांचा प्रश्न असेल. ती मंत्र्यासारखी तेच ते म्हणते आहे, ही तिची भोळी भक्ती असेल किंवा तिच्या भाषेत कोणी तिच्याशी बोललंच नाही म्हणून तिने स्वतः शोधलेली वाट असेल. हे प्रश्न विचारले की चित्र तेच राहतं, पण ती बाई सजावट राहत नाही. माणूस होते.

माझ्या आजीबद्दल सगळे म्हणायचे, म्हातारी भोळी, देवभोळी. गावच्या चर्चमध्ये बायांच्या बाजूला, भिंतीकडेला तिची जागा ठरलेली. लहानपणी मी तिच्या मांडीला टेकून बसायचे, त्यामुळे तिचं पुटपुटणं मला ऐकू यायचं. ती देवाला विहिरीच्या पाण्याचा हिशेब विचारायची. सोसायटीचं कर्ज किती राहिलं ते सांगायची. तिचं एक मूल लहानपणीच गेलं होतं. त्याचं नाव घेऊन दर रविवारी तोच एक प्रश्न विचारायची, आणि उत्तर न मिळता पुढच्या रविवारी पुन्हा यायची. लांबून ती भोळी दिसायची. जवळून ऐकलं तर तिच्याइतकी वादावादी करणारी विश्वासू बाई मी दुसरी पाहिली नाही.

आज काय करूया?

तीन छोट्या गोष्टी सुचवते.

पहिली : या आठवड्यात 'साधी श्रद्धा', 'भोळी भक्ती' हे शब्द कोणासाठीही वापरू नका. जिभेवर आले तर स्वतःला विचारा, या माणसाशी मी कधी बोलले का? नसेल, तर ते वर्णन माझ्या अंतराचं आहे, तिच्या विश्वासाचं नाही.

दुसरी : प्रार्थना करणाऱ्या अनोळखी माणसाचा फोटो काढायच्या आधी फोन खाली ठेवा. लेग्रोला त्या बायांची निदान कितीतरी तास संगत करावी लागली. रेघ रेघ काढावी लागली, आम्लाची वाट बघावी लागली. आपल्याला एक टॅप लागतो. एवढ्या स्वस्तात मिळालेली दुसऱ्याची प्रार्थना आपल्याजवळ टिकत नाही. त्याऐवजी एलीने शेवटी केलं ते करा. तिच्या मनात काय आहे ते न कळताच मनात म्हणा, देवा, ती जे मागते आहे ते तिला दे.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : "मी फार विचार करतो म्हणून माझी तशी श्रद्धा नाही" हे वाक्य सोडून द्या. हन्ना विचार करत होती. अटी घालत होती, रडत होती, आणि याजकाला तोंडावर उत्तर देण्याइतकी शुद्धीवर होती. शंका, राग, हिशेब, अर्धवट समज, हे सगळं घेऊन ती आत गेली. ते सगळं बाहेर काढून ठेवल्यावरच आत यायचं, अशी पाटी शिलोच्या दारावर नव्हती. तुमच्या चर्चच्या दारावरही नाही. तुमचा स्प्रिंट, तुमचा ईएमआय, दोन वर्षं उत्तर न मिळालेला तो एक प्रश्न, हे सगळं गुडघ्यांवर येऊ शकतं. आणि तुम्ही तसे बसलात की मागच्या बाकावरून बघणाऱ्या कोणाला तरी तुमची श्रद्धा अगदी साधी वाटेल!

प्रार्थना

हे प्रभू, तू मन पाहतोस, आम्ही ओठ पाहतो. दुसऱ्याच्या विश्वासाचं मोजमाप करायच्या आसनावरून आम्हाला उठव. जिचं दुःख आम्हाला कळलं नाही तिच्या मागणीला आमेन म्हणायला शिकव. आणि आमची गुंतागुंत घेऊन, जसे आहोत तसे, तुझ्यापुढे मन ओतायला आम्हाला धैर्य दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : १ शमुवेल १:१९–२८. मागितलेलं मिळाल्यावर ते परत द्यायची वेळ येते, त्याबद्दल उद्या बोलू. शांती असो.